सूर्यप्रकाशाची सनद

ज्यांच्या चरितार्थाची सगळी कचेरी एका लॅपटॉपात मावते आणि ज्यांस उत्तरेकडील धुक्याचा वीट आला आहे, अशा सुखवस्तू मंडळींसाठी स्पेनच्या सरकारने 2022 च्या अखेरीस कायदा करून रहिवासाची जी सनद मुक्रर केली, तीस पात्र ठरण्यासाठी तेथील किमान वेतनाच्या दुपटीइतकी प्राप्ती दाखवावी लागते. म्हणजे बार्सिलोनात जन्मून किमान वेतनावर तेथेच कॉफीचे पेले विसळणारा इसम या आतिथ्याच्या कसोटीस उतरता ना, हे उघड आहे. फुटबॉलपटू बेकहॅम याच्या नावाने ओळखली जाणारी करसवलतही याच मंडळींस खुली असून, तीत सहा लाख युरोपर्यंतच्या कमाईवर सरसकट 24 टक्केच कर द्यावा लागतो. दुपारी दुकाने बंद का, अशी तक्रार करण्याचा अधिकार मात्र निःशुल्क!

जुलै 2024 मध्ये घरभाड्यांनी जेरीस आलेल्या बार्सिलोनाकरांनी पदपथावरील मेजांशी बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले, तेव्हा पर्यटक कोण आणि सनदी रहिवासी कोण, हा सूक्ष्म भेद त्यांनी जाणला नाही, याचा आमच्या दूरस्थ चाकरमान्यांस मनस्वी विषाद वाटला असावा. रहिवासाचा दाखला दाखविता आला असता. पण पिचकारीवाला तो वाचण्यास थांबतो थोडाच?