बंपर गेला, बोनसही गेला

"वहिनी, या जरा भिंतीपाशी. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरानं परत गाडी ठोकली, ऐकलं का?"

"परत? अहो मावशी, दिवाळीत मकाई गेटात आरसा घासला होता ना त्यानं?"

"ते जुनं झालं. मधी बीड बायपासला डिव्हायडरवर चढला. अन् परवा तर स्वतःच्याच गेटच्या खांबाला! खांब काय चालत आला का हो मधी? आता आई म्हणायली, इन्शुरन्सवाले लुटायलेत, हप्ता केवढा वाढवला."

"वाढवणारच. असल्या पोराचा विमा उतरवील कोण?"

"तिथंच तर गंमत आहे. माझी पुतणी अमेरिकेत असते. तिकडं चालवणारा बघून हप्ता लावतात, दोनदा ठोकली की खिसा रिकामा. आपल्याकडं जास्त बघतात ते गाडीला. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं. 2022 मध्ये ठरवला तो हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, पंधराशेपर्यंत 3,416, त्याच्या वर 7,897. जीएसटी वेगळा. स्टिअरिंगवर कीर्तनकार बसो नाहीतर हे कार्टं, पैसे तेवढेच."

"मग ह्यांचा वाढला कसा?"

"बोनस गेला की! क्लेम नाही केला तर पहिल्या वर्षी 20 टक्के सूट, मग 25, 35, 45, अन् पाचव्या वर्षी 50. ह्यांना यंदा पन्नास मिळायची. पोरानं काय केलं, बंपर रंगवायच्या साडेतीन हजारासाठी क्लेम टाकला. त्यातले पहिले हजार आपल्याच खिशातले, रंगाच्या मालाची घट कापली ती निराळी. हातात आले दोन हजारांच्या वर थोडे. अन् ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, नऊ हजारांच्या हप्त्यावरची साडेचार हजारांची सूट शून्यावर. आता परत विसापासून चढा."

"अगं बाई! म्हणजे गॅरेजवाल्याला रोख दिले असते तर स्वस्त पडलं असतं."

"तेच तर. बारक्या ओरखड्याला क्लेम करूच नये."

"पण मग कंपनीच बदलायची अन् क्लेमचं बोलायचंच नाही. एक एजंट आमच्या भाच्याला हेच शिकवायला होता."

"त्याला चहासुद्धा पाजू नका. नवी कंपनी जुनीकडून बोनस तपासते. खोटं निघालं तर मोठ्या अपघातात नेमका क्लेम अडकतो. कंपनी बदला, पण खरं सांगून. ओन डॅमेजचा दर सरकारी नाही, दहा ठिकाणी विचारलं तर फरक पडतो. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मात्र पाडू देऊ नका. हप्ता कमी दिसतो, अन् गाडी चोरीला गेली की रडायची वेळ."

"आपण कॉलनीतल्या सगळ्यांनी मिळून घासाघीस केली तर? 2010 मध्ये आपल्याच गावच्या लोकांनी एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, 65 कोटींच्या."

"त्यांचं वजन मर्सिडीजचं, आपलं वॅगनआरचं! त्यापेक्षा व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या. म्हणजे थोडं नुकसान मीच सोसतो म्हणून लिहून द्यायचं, हप्ता उतरतो. बारके क्लेम करायचेच नसतील तर त्यात तोटा काय?"

"अन् चलानं? त्या पोराच्या नावावर तर ढीग असेल."

"त्यानं अजून सर्रास हप्ता वाढत नाही. पण 2021 मध्ये विमा प्राधिकरणाच्या समितीनं मसुदा काढला होता, दारू पिऊन चालवली तर 100 गुण, चुकीचं पार्किंग केलं तर 10, अन् गुणांवरून हप्ता. तो पुरता लागू झाला तर अर्ध्या जालना रोडला घाम फुटेल. मी तर म्हणते, व्हावाच."

"त्याची आई म्हणत होती, यंदा विमाच नको, दंड परवडला."

"दंड पहिल्यांदा दोन हजार, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, कधी दोन्ही. पण ते सोडा. विमा नसताना कुणी गाडीखाली आलं तर कोर्ट भरपाई मालकाकडून वसूल करतं. घर विकायची पाळी येते. फुल इन्शुरन्स झेपत नसेल तर राहू द्या, थर्ड पार्टी तरी हवीच. अन् हो, पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की साठवलेला बोनसही जातो. भाऊजींना विचारा, तुमची कधी संपते ते."

"त्यांना काय विचारायचं, कागद कपाटात आहेत."

"मग आजच काढून बघा."