शेपटाकडचा पुढारी

पावसाळ्यात रविवारचे ट्रेक काढणाऱ्या प्रत्येक संस्थेत दोन पदं असतात: लीडर आणि बॅकलीड. लीडरचं नाव जाहिरातीत फोन नंबरासकट छापलेलं असतं. बॅकलीडचं नाव कळतं ते पायथ्याच्या ओळखपरेडीत, तेही ‘आणि हा सगळ्यांच्या मागे असेल’ एवढ्याच शब्दांत, कारण लीडर तोवर महाराजांच्या जयजयकारासाठी घसा साफ करू लागलेला असतो. परतल्यावर ग्रुपवर तीनशे फोटो पडतात, त्यांतल्या एकातही बॅकलीड नसतो. फोटो काढायच्या वेळी तो पोचलेलाच नसतो. या सगळ्यावरून पाहणाऱ्याचा असा समज होतो की ट्रेक पुढचा माणूस नेतो आणि मागचा नुसता येतो. माझं म्हणणं उलट आहे. ट्रेक मागचाच माणूस नेतो. पुढचा फक्त आधी पोचतो.

खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर हीच वाट घ्या. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरचालीचा एक हिशेब मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. लीडरचं वेळापत्रक साधारण याच हिशेबाने बनतं. पण नेस्मिथच्या हिशेबात चार महिन्यांनी घराबाहेर पडलेले बँकेतले काका नाहीत, ‘फक्त चालायचंच आहे ना?’ असं विचारून पैसे भरलेल्या काकू नाहीत आणि पहिल्याच चढावर डबा उघडणारं मित्रमंडळ तर नाहीच नाही. तीस जणांचा जथा परतीची गाडी कितीला गाठणार, हे पहिल्याच्या पायांवर ठरत नाही, शेवटच्याच्या पायांवर ठरतं. त्या पायांपाशी दिवसभर एकच माणूस असतो. म्हणून ‘किती वेळ लागेल?’ या प्रश्नाला लीडर उत्साहाने उत्तर देतो आणि बॅकलीड काकूंच्या गुडघ्यांकडे बघून.

त्याचं खरं कसब दिसतं ते थांब्यावर. पुढची मंडळी पठारावरच्या झोपडीत टेकतात, लिंबू सरबत पितात, पाय पसरतात. वीस मिनिटांनी काकू धापा टाकत उगवतात. त्यांना बघून सगळे टाळ्या वाजवतात आणि लगेच ‘चला, आले सगळे!’ म्हणत सॅक पाठीला लावतात. विश्रांतीची गरज ज्याला सर्वांत कमी, त्याला ती सर्वांत जास्त मिळते, आणि जिला खरोखर हवी तिच्या वाट्याला टाळ्या येतात. हा अन्याय तीस जणांत फक्त बॅकलीडला दिसतो, पण तो भाषण करत नाही. तो खाली बसून बुटाची नाडी बांधू लागतो. त्याची नाडी दिवसातून इतक्यांदा सुटते की बूट विकणाऱ्याची कीव यावी. निरखून पाहिलं तर ती सुटलेली कधीच नसते. दुसरा उपाय शेकरूचा. ‘काकू, थांबा, वर शेकरूचं घरटं दिसतंय,’ असं तो म्हणतो. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते मुख्यतः या प्राण्यासाठी, आणि शेकरूचा स्वभाव बॅकलीडच्या फार कामाचा आहे: ते आपल्या हद्दीत एकाहून अधिक घरटी बांधतं. त्यामुळे जनावर दिसो न दिसो, घरटं दाखवता येतं. काकू मान वर करून बघतात, छातीतला भाता शांत होतो आणि आपण दमून थांबलो असं कोणाला म्हणता येत नाही.

त्याच्या सॅकमध्ये ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज आणि शिट्टी असते. पण सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सुतळीचा गुंडा. माळ्यावर वर्षानुवर्षं जपून ठेवलेले ट्रेकिंगचे बूट वापरून खराब होत नाहीत, न वापरून होतात. दमट हवेत तळव्याचा फोम आणि गोंद आतल्या आत कुजतो आणि पहिल्या चिखलात बूट मगरीसारखा तोंड उघडतो. मालक म्हणतो, ‘अहो, एकदाच घातलेत!’ बॅकलीड काही न बोलता सुतळीचे तीन वेढे देऊन तोंड बंद करतो. बुटाचं आणि मालकाचंही.

यावर पहिला आक्षेप असा की वाट तर लीडरच काढतो; तो नसेल तर शेपूट जाणार कुठे? हे खरं आहे. खांडसच्या पुढे शिडी घाटाची आणि गणेश घाटाची वाट फुटते, तिथे कुणीतरी नेमकं वळायला हवं. पण लीडर वळून निघून जातो. चुकतात ते मधले, गप्पांच्या नादात. आणि चुकलेल्याला शोधायला शिट्टी वाजते ती मागूनच. दुसरा आक्षेप जरा खवचट आहे: पुढे चालण्याचा दम नाही, म्हणूनच हा मागे राहतो. असं म्हणणाऱ्याने एकदा ओल्या अंगाने, दर पन्नास पावलांना थांबत, दुसऱ्याची सॅक पोटावर घेऊन तो चढ चढावा. आपल्या लयीत चालणं सोपं; दुसऱ्याच्या लयीत चालायला दुप्पट दम लागतो आणि तो दिसूही द्यायचा नसतो. तिसरा आक्षेप मात्र विचारी आहे: सर्वांत हळू चालणाऱ्यालाच पुढे ठेवा, म्हणजे बॅकलीडची गरजच संपेल. काही संस्था तसं करतात आणि ते चांगलंही आहे. पण रांग कशीही लावली तरी तिला शेवट असतोच, आणि घाटाच्या पाऊलवाटेवर काकूंच्या मागे अडकलेले एकोणतीस जण काकूंना ज्या सुरात धीर देतात, त्यापेक्षा एकट्या बॅकलीडची सोबत बरी.

बॅकलीडमध्ये दोष नाहीत असं नाही. दिवसभर मोजून मोजून त्याला माणसं मोजण्याचं व्यसन लागतं. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यातही तो डोकी मोजतो आणि एक कमी भरलं की घास सोडून उठतो. पिठलं-भाकरी त्याच्यापर्यंत येते ती पिठलं संपल्यावर, आणि ‘मला भूक नाहीच’ हे धादांत खोटं तो सराईतपणे बोलतो. तरीही संस्था कशी आहे हे जोखायला त्याच्याइतकी चोख कसोटी नाही. पुढच्या रविवारचे पैसे भरण्याआधी लीडरचा अनुभव विचारू नका. तो न विचारताही सांगतो. मागे कोण आहे ते विचारा. नाव लगेच आलं तर बेलाशक पैसे भरा. पण ‘बघू, कुणीतरी राहील मागे’ असं उत्तर आलं, तर सुतळी बरोबर घ्या. तो कुणीतरी बहुधा तुम्हीच असाल.