मोठी गाडी आहेच, तर…

सांगलीच्या गावभागातल्या माणसाला सामान बांधायला कुणी शिकवू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 वर गेली की धोका, हे आमच्याकडच्या पोरांना सातच्या पाढ्याआधी पाठ होतं. 2005 चा पूर झाला, 2019 चा झाला, 2021 चा झाला. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते ऐकता ऐकता बायकांनी धान्य माळ्यावर चढवलं, पुरुषांनी मोटारसायकली चढाला नेऊन लावल्या, आणि देव, दाखले, सोनं, गॅसची टाकी, लोणच्याची बरणी असं सगळं घेऊन अख्खं कुटुंब तासाभरात उंचावरच्या पाहुण्यांकडे हजर. यादी नाही, चर्चा नाही, विसरलं काही नाही.

त्याच कुटुंबाला साताऱ्याला जाऊन कासची फुलं बघून यायची होती. त्याच्या तयारीला अख्खा महिना पुरला नाही.

कल्पना पुतण्याची. तो हिंजवडीला असतो. "काका, यंदा कॅराव्हॅनने जाऊ. काही तयारीच लागत नाही, घरच चाकांवर असतं!" महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, हे त्याने अशा थाटात सांगितलं की मंत्रिमंडळाने ते आमच्या घराचा विचार करूनच मंजूर केलं असावं. मग मोबाईलवर फोटो दाखवले. सोफा ओढला की पलंग होतो. शेगडी आहे, छोटा फ्रिज आहे, बेसिन आहे. आणि हे बघा, टॉयलेट.

इथे घरात शांतता पसरली. टॉयलेटकडे आपण नंतर येऊ, कारण आम्हीही नंतरच आलो. आधी तारीख.

कासची फुलं ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. ऐकायला भरपूर दिवस वाटतात. पण ऑगस्टमध्ये सांगलीकर गाव सोडत नाही, कारण 105 टीएमसीचं कोयना धरण भरत आलेलं असतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आमच्याकडे असतं. पुढे गणपती, गणपतीत गौरी. त्यानंतर पितृपंधरवडा. त्यात फिरायला गेलेलं पितरांना कळेल न कळेल, आत्तीला नक्की कळतं. पाठोपाठ घट बसतात, आणि घट बसले की घराला कुलूप लावता येत नाही. दसरा झाला की फुलं संपतात. 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत बसलेलं पठार आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात काही केल्या बसेना. शेवटी गौरी गेल्या आहेत आणि पितर अजून यायचे आहेत, एवढ्या फटीत गाडी घुसवायची ठरलं. बायको म्हणाली, "आत्ताच ऑनलाइन नाव नोंदवून ठेवा, नाहीतर पठाराच्या दारातून परत." नोंदवलं. आत्तीचं वय टाकताना आत्तीने ते तीनदा बदललं, तेवढाच काय तो खोळंबा.

आता टॉयलेट. आईचा प्रश्न सरळ होता.

"चुलीला पाठ लावून संडास? आणि मी तिथं कुकर लावू?"

"आजी, माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्येपण भिंतीला भिंतच आहे."

"तुझा फ्लॅट हलत नाही."

यावर हिंजवडीकडे उत्तर नव्हतं. त्यातून पुतण्याने उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की खाली एक पेटी असते, औषध घातलेली, ती दुसऱ्या दिवशी काढायची आणि नेऊन रिकामी करायची. "कुणी?" असं आत्तीने विचारताच घरातल्या सगळ्या पुरुषांना एकाच वेळी फोन आले. ठराव असा झाला की त्या खोलीचा त्या कामासाठी उपयोग कुणीही करायचा नाही. वाटेत हॉटेलं आहेत, पेट्रोलपंप आहेत, पाहुणे तर आहेतच. मग एवढी दाराकडीची, उंदीर न शिरणारी खोली मोकळी का न्यायची? तिथे सामान ठेवायचं. अशा रीतीने चाकांवरच्या घराला कोठीची खोली मिळाली. पुढे कॅराव्हॅनचे ड्रायव्हरकाका म्हणाले की हे काही नवीन नाही, मराठी कुटुंब असलं की त्या खोलीत एक तर कांदे निघतात नाही तर चपला.

मी यावर जरा वाचन केलं. हौसेखातर कॅराव्हॅन बांधून फिरणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरचं घेतात. 1885 साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची गाडी करून घेतली आणि तो ब्रिटनभर हिंडला. बरोबर एक कोचमन, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. वाटेवरच्या गाड्यांना सावध करायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे धावत असे. पुढे 1907 मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅनवाल्यांचा क्लबही निघाला. सगळं वाचून माझ्या लक्षात राहिली ती फक्त त्याच्या सोबत्यांची यादी. तीत आई नाही, आत्ती नाही, साडू नाही. पोपटाला उपास नसतो. पोपट "माझी उशी घेतली का?" असं विचारत नाही, आणि विचारलं तरी त्याला उशी नसते.

आमच्याकडे चाकांवर घर नेणं काही इंग्रजाकडून आलेलं नाही. माझे आजोबा माघात बैलगाडीने मायाक्काच्या चिंचलीला जायचे, कर्नाटकात, रायबाग तालुक्यात. सांगली-मिरजेकडून त्या वाटेला अजूनही गाड्यांची रांग लागते. साट्यात कडब्याचा जाड थर, त्यावर घोंगडं, वर ताडपत्री, खाली आखाजवळ कंदील आणि वंगणाची नळी, पुढच्या बाजूला पेंडीचं पोतं, मागे पाण्याची घागर आणि भाकरीची बुट्टी. कडबा झोपायला गादी, आणि तोच बैलांना वैरण. परत येताना गादी संपलेली असायची, अंगाला भंडारा लागलेला असायचा आणि सामान जाताना होतं त्याहून कमी. ही शेवटची गोष्ट मला आज चमत्कार वाटते.

वारीचंही तेच. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, आणि त्या सोहळ्याचे घोडे येतात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. ते आळंदीला पायी निघतात तेव्हा मिरज, सांगलीवरून पुढे साताऱ्याच्याच रस्त्याला लागतात. लोणंद-तरडगावकडे दिंड्या उतरतात तेव्हा मागचे ट्रक बघावेत. राहुट्या, पातेली, पाण्याचा टँकर, शेकडो माणसांच्या वळकट्या, आणि कुणी कुणाला "चमचा कुठंय?" म्हणून विचारत नाही. स्वयंपाकाचा माणूस वेगळा, राहुटी ठोकणारा वेगळा, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे शब्द एकाचा. आमच्या घरात शब्द सगळ्यांचा आणि काम बायकोचं. मी, साडू आणि पुतण्या यांनी मिळून सामानाची एक्सेल शीट केली होती. तीत 'किचन' या रकान्यासमोर फक्त 'ताई बघतील' असं लिहिलं होतं. ताई बघत होत्या. त्या काय बघत होत्या हे शब्दांत सांगण्यासारखं नाही.

पुरुषमंडळी गंभीर प्रश्नांत गुंतली होती. सज्जनगडला आणि ठोसेघरला जायचं तर साताऱ्याचा बोगदा लागतो. गाडी त्यातून जाईल का? साडूंचं म्हणणं, एस.टी. जाते तर ही का नाही? पुतण्याचं म्हणणं, एस.टी.च्या टपावर एसी नसतो. दोन्ही बाजूंनी बोगद्याचे फोटो आले, गाडीचे फोटो आले, एकाने तर टेप घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा फोटो पाठवला. या विषयावर व्हॉट्सअपवर जेवढी शाई सांडली तेवढ्यात नवा बोगदा निघाला असता. मग बायकोने सांगितलं की ठोसेघरला आपण जाणारच नाही आहोत.

तोवर बातमी गल्लीत पसरली होती, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. शेजारच्या वहिनी तासगावच्या बेदाण्याचा डबा घेऊन आल्या. "मोठी गाडी आहेच, तर एवढं कराडला माझ्या बहिणीकडं टाका." एवढं म्हणजे दोन हातांत मावणारं होतं, म्हणून घेतलं. ही बातमीही पसरली. संध्याकाळी हळदीची पिशवी आली, उंब्रजला द्यायची. पाठोपाठ भडंगाचे पुडे. ते कुणाला द्यायचे हे देणाऱ्याने सांगितलं नाही, घेणारा फोन करेल म्हणाला. मग गुळाची ढेप. मग एका काकांनी शिवणयंत्र आणलं. पायांसकट. "तुमच्यात पलंग आहे, फ्रिज आहे, मग एका मशीनला काय लागतंय?" हा सवाल इतका बिनतोड होता की मशीन कोठीच्या खोलीत गेलं आणि कांदे बाहेर आले. साताऱ्याहून उलटे फोन सुरू झाले, येताना कंदी पेढे किती आणायचे याचे. ड्रायव्हरकाकांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच वाक्य बोलले: "साहेब, हिचं पासिंग माणसांचं आहे, मालाचं नाही."

गाडी आली होती ती निघायच्या आदल्या संध्याकाळी. गावभागातल्या आमच्या बोळात ती शिरणं शक्यच नव्हतं, पण कोपऱ्यापर्यंत तरी यावी म्हणून मंडळाची पोरं बांबू घेऊन केबलच्या तारा उचलायला धावली. त्यांचा हात ताजा होता, आठवडाभरापूर्वीच गणपती त्या तारांखालून काढला होता. पांढरीशुभ्र, भली थोरली, खिडक्यांना पडदे असलेली गाडी कोपऱ्यावर उभी राहिली आणि गर्दी जमली. एकाने कुठल्या पक्षाची म्हणून विचारलं. दुसऱ्याने रक्तदानाला आल्यासारखी बाही वर केली. एक आजोबा फायली घेऊन आले आणि थेट पायरीवर बसले. मोतीबिंदू इथंच काढणार की मिरजेला नेणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आईने त्यांना चहा दिला. त्या गाडीत झालेला तो पहिला चहा. कुकर लावणार नाही म्हणणाऱ्या आईला शेगडी पटली होती.

रात्री फोन वाजला. साताऱ्याहून मेहुणे.

"दाजी, मी काय ऐकतोय? तुम्ही गाडीत झोपणार?"

"त्यासाठीच घेतलीय ना."

"आमचं घर असताना? दारात गाडी लावून? सातारकरांनी जावयाला रस्त्यावर झोपवला म्हणून लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"

मी काही बोलायच्या आत फोन सासूबाईंकडे गेला आणि निकाल लागला. मग कराडच्या मावशींना कळलं की साताऱ्याला मुक्काम आहे, तर आमच्याकडे जेवण तरी. पेठ नाक्याच्या पुढे कासेगावला चुलत बहीण, तिच्याकडे नाश्ता. उंब्रजला हळद द्यायला थांबायचंच होतं, तिथे चहा. तासवड्याच्या टोलनाक्यावर तेवढं कुणी पाहुणं निघालं नाही. सांगली ते सातारा अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतरात आमच्या चाकांवरच्या घराला थांबायला जेवढी घरं निघाली, तेवढ्यांत स्वयंपाकाचा प्रश्नच उरला नाही. बायकोने रात्री अकराला भरलेला शिध्याचा डबा उतरवला. त्या रिकाम्या जागेत सकाळी सहाला कुणीतरी गव्हाचं पोतं ठेवलं.

प्रवास उत्तम झाला, कास अप्रतिम होतं, आणि कॅराव्हॅनच्या गादीवर एसी लावून झोपले ते फक्त ड्रायव्हरकाका. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची फार स्तुती केली.

तेव्हा ज्यांचे नातेवाईक पुणे-बंगळूर महामार्गाच्या आसपास राहतात, त्यांनी कॅराव्हॅनवर पैसे घालवू नयेत, एस.टी.ने जावं. ही गाडी अशा माणसांची आहे ज्यांना वाटेत कुणी ओळखत नाही. आमचा पुतण्या आता कोकणात जायचं म्हणतोय, तिकडे कुणी पाहुणे नाहीत म्हणून. त्याला अजून देवरुखच्या मावशींबद्दल सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी दिवाळीनंतर त्या बाजूला जाणार असेल, तर आधी कळवा. गाडी लहान असली तरी चालेल. शिवणयंत्र घ्यायला कुणी आलंच नाही, ते मावशींना हवं आहे.