दुष्काळात तेरावा रिचार्ज

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या की. शेवग्याच्या शेंगा नंतर काढा, झाड काय पळून जात नाही. काल रात्री नऊला आमच्याकडं आरडाओरडा झाला, तो ऐकलातच असणार. भांडण नव्हतं हो! सांगलीच्या भाच्याच्या मोबाइलचा हप्ता थकला, म्हणून कुठल्याशा फायनान्सवाल्या पोरानं मला इथं साताऱ्यात फोन लावला. म्हणे, ‘मॅडम, तुम्ही रेफरन्स आहात.’ आता गं बाई! मी कुठं सही केली, कधी केली? दुकानात फॉर्म भरताना भाच्यानं मामीचा नंबर ठोकून दिला, झालं. यांनी फोन हिसकावून घेतला आणि मग जे काय बोलले ते तुम्ही ऐकलंच.

मुळात झालं काय, आमचे दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी. मालकानं कामाचे दिवस कमी केले आणि पगार निम्म्यावर आला. घरात फोन चार, चारही एकाच पोस्टपेड बिलात. वर भाच्याचा नवा फोन हप्त्यानं. वन्संची भिशी लागली होती, तीही दुधवाल्यात आणि क्लासच्या फीत जाणार असं दिसत होतं.

दाजींनी काय ठरवलं माहितेय? चारही सिमकार्डं काढायची आणि आयर्विन पुलावरून कृष्णामाईला अर्पण करायची. बिल येईल तेव्हा बघू. वन्संनी मला घाबरून फोन केला, कारण लाडक्या बहिणीचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. घर बुडालं तरी चालेल, पण तो नंबर बुडता कामा नये!

मी दाजींना म्हटलं, सिम नदीत टाकलं म्हणून बिल वाहून जात नाही. पोस्टपेड आहे ते. तुम्ही बोला नाहीतर मुके बसा, महिन्याचं भाडं चढायचं ते चढतंच. पुढं कंपनीनं नंबर बंद केला, की 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला देता येतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज कुण्या परक्याच्या फोनवर वाजत बसणार.

काय म्हणालात? करार असेल? तेच तर दाजींच्या डोक्यात बसलं होतं. आमच्या जावेची लेक इंग्लंडात आहे. तिथं 24 महिन्यांचा करार सर्रास, मधेच सोडायचा तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मोजा. आपल्याकडं ही भानगड वेगळी आहे बघा. सिमवाली कंपनी एक, आणि फोनला कर्ज देणारी दुसरीच. दाजी दोघींचा राग एकीवर काढत होते. सिमवाली सोडायला दंड सहसा लागत नाही. खरा गळफास हप्त्याचा.

म्हणून पहिल्यांदा बिल काढून बसलो. मी इकडं, वन्सं तिकडं, व्हिडिओ कॉलवर. कागद कॅमेऱ्यासमोर इतका जवळ धरला, की मला आकड्यांऐवजी हळदीचा डागच दिसत होता. त्यात एक बारीक रक्कम दर महिन्याला. कशाची? तर दाजींच्या नंबरावरच्या कॉलर ट्यूनची! गणपतीची आरती. ‘सांगलीत राहून गणपती काढून टाकू का?’ म्हणे. म्हटलं, देवळात जाऊन ऐका, फुकट आहे. असल्या जास्तीच्या सेवा बंद करायला 155223 हा सगळ्या कंपन्यांचा एकच नंबर आहे. कुणाला माहीत असतो?

मग भिशीतून आधी थकलेलं बिल भरलं. वन्सं कुरकुरल्या, पण त्याला इलाज नाही. बाकी राहिली की नंबर दुसरीकडं नेताच येत नाही, आणि सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात. ते झालं की ज्या नंबराचं काम आहे त्याच नंबरावरून मेसेज करायचा. त्यात काय लिहायचं, असं दाजी विचारत बसले! अहो, ‘पोर्ट’च लिहायचं, इंग्रजी अक्षरांत, पुढं जागा सोडून आपला नंबर, आणि 1900 ला पाठवायचं. आठ अक्षरांचा कोड येतो, तो 4 दिवस चालतो. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलं की 3 कामाच्या दिवसांत नंबर तिकडं. आपलं सातारा-सांगली काय, गोवासुद्धा, सगळं एकाच सर्कलमध्ये. मुंबई तेवढी वेगळी. जानेवारी 2011 पासून देशभर ही सोय आहे, आणि दाजी म्हणतात, ‘नंबर बदलायचा तर लग्नपत्रिकेसारखा सगळ्यांना कळवावा लागेल.’

एक मात्र आधी बघायचं, घरात नव्या कंपनीची रेंज येते का. शेजाऱ्याचा त्या कंपनीचा फोन मागून घ्यायचा आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन लावून बघायचा. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा बीएसएनएलकडं लोकांची रीघ लागली होती. आमच्या गल्लीतले दोघे मग गच्चीवरून बोलताना दिसायचे.

वन्संच्या सासूबाईंचा नंबर मात्र हलवला नाही. त्याच कंपनीत पोस्टपेडचा प्रीपेड करून घेतला. 2021 पासून ते ओटीपीवर करता येतं. त्यांचा बटणांचा फोन. त्यात नेट घालून त्या काय करणार, ज्ञानेश्वरी डाउनलोड? डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायनं त्यांना बजावलं, की नुसतं बोलणं आणि मेसेज असाही प्लॅन ठेवा. आहेत ते प्लॅन, पण दुकानदार आपणहून दाखवत नाही. मागावा लागतो.

आणि तो 28 दिवसांचा घोळ! महिना म्हणून घ्यायचं आणि वर्षाला 13 रिचार्ज मारायचे. आपले पगार 12, त्यांचे महिने 13. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच की हो. 2022 मध्ये ट्रायनं 30 दिवसांचाही प्लॅन ठेवायला लावला. दाजींना तो हातावर लिहून घ्यायला लावला.

आता उरला हप्ता. दुकानात ‘शून्य टक्के’ची पाटी होती, म्हणून भाचा भुलला. रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सुनावलंय, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. कुठून तरी ते वसूल होतंच. फाइल चार्ज कापला, विमा चिकटवला, पोरानं सही केली. ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाचा सगळा खर्च एका कागदावर मांडून द्यावा लागतो. तो कागद पोराच्या मेलमध्ये न उघडता पडलेला!

दाजींची दुसरी अक्कल अशी, की खातंच रिकामं ठेवायचं. मी म्हटलं, अजिबात नको. हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा, सिबिल खराब, आणि 2007 च्या पेमेंट कायद्याप्रमाणं चेक न वटल्यासारखाच तो गुन्हा ठरू शकतो. त्यापेक्षा तारखेच्या आधी जाऊन सांगायचं की पगार निम्मा झालाय, तारीख पुढं द्या, हप्ता लहान करून मुदत वाढवा. देतील, न देतील. पण सांगितलेलं लेखी ठेवायचं. सोडवायचंच असेल तर एकरकमी किती भरायचं ते लेखी मागायचं, आणि फिटल्यावर एनओसी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही.

हे सगळं बोलणं परवा झालं, आणि हप्ता तर त्याआधीच थकलेला. म्हणून कालचा फोन. पण वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातच्या पुढं फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2022 चा नियम आहे. यांनी तोच पोराला ऐकवला. वर सांगितलं, की आधी तुमच्या कंपनीत तक्रार टाकतो, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जातो, 14448 वर विचारून ठेवलंय. पोरगं गप्प. मग म्हणतं कसं, ‘काका, माझंपण टार्गेट असतं.’ आता त्याला काय बोलणार! यांचा आवाज तिथं उतरला.

आज सकाळी भाच्यानं आपणहून दोन शिकवण्या धरल्याचं कळवलं. हप्त्याचं तेवढं त्यातून होईल म्हणतो. बघू या.

आणि खरी गंमत राहिलीच. पोर्टचा मेसेज गेल्यापासून जुन्या कंपनीचे दाजींना फोनवर फोन. ‘सर, तुमच्यासाठी खास प्लॅन,’ आधीच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. दाजी म्हणाले, ‘मुली, हा प्लॅन इतकी वर्षं कुठं ठेवला होता?’ तिनं फोनच ठेवला.