रांगेचा फायदा कंपनीला

माणसाला धीर धरायला शिकवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. संतांनी करून पाहिले, शाळामास्तरांनी छडी घेऊन करून पाहिले, तलाठी कार्यालयाने तर अजून आशा सोडलेली नाही. यश आलं ते मात्र एका पिवळसर ड्रॅगनला.

त्याचं नाव 'टाइम-लॉस्ट प्रोटो-ड्रेक'. मुक्काम पोस्ट स्टॉर्म पीक्स, खंड नॉर्थरेंड, गेम 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. २००८ च्या नोव्हेंबरात या गेमचा 'रॅथ ऑफ द लिच किंग' हा विस्तार आला, तेव्हापासून तो त्या बर्फाळ डोंगरांत उडतो. म्हणजे उडतो असं म्हणतात. एकदा मारला की कित्येक तास पुन्हा उगवत नाही. उगवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, पण आज त्यातली कुठली, हे तो कळवत नाही. त्यातून त्याच्याच जागांवर व्हायरागोसा नावाची एक ड्रॅगनीण उगवते, आणि तीच जास्त वेळा उगवते. ती येऊन गेली की पुन्हा पहिल्यापासून तास मोजायचे.

गंमत अशी, की हा ड्रॅगन काही फार शूर नाही. पुरेशा लेव्हलचा कुठलाही खेळाडू त्याला एकट्याने, चहा गार व्हायच्या आत लोळवतो. लोळवला की त्याचा लगाम हमखास मिळतो आणि मग त्याच वाणाच्या ड्रॅगनवर बसून चारचौघांत मिरवता येतं. पराक्रम मारण्यात नाहीच, तो हजर असण्यात आहे. हजेरीला इतका भाव कॉलेजच्या परीक्षा विभागानेही कधी दिला नसेल.

आमचा एक भाचा या ड्रॅगनच्या मागे लागला आहे. हा मुलगा यूट्यूबवरचा व्हिडिओ दीडपट वेगाने बघतो आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत चौक ओलांडून गेलेला असतो. पण खेळतो तो युरोपातल्या सर्व्हरवर. तिथे संध्याकाळी गर्दी फार. म्हणून युरोप झोपलेला असताना, म्हणजे आपल्याकडे सकाळी, तो गजर लावून उठतो. पोरगं लवकर उठायला लागलं म्हणून आमची ताई अख्ख्या सोसायटीत सांगत सुटली. आम्ही कौतुक करायला खोलीत गेलो तर पडद्यावर डोंगर, डोंगरावर बर्फ आणि बर्फावर हा.

"काय करतोयस रे?"

"वाट बघतोय, मामा."

"कधी येणार तो?"

"ते माहीत असतं तर वाट कशाला बघितली असती?"

यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. शेजारच्या सुळक्यावर आणखी दोन अनोळखी इसम आपापल्या वाहनांवर तरंगत होते. तेही त्याच ड्रॅगनसाठी आलेले. भांडणं होत नाहीत का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "होतात ना. पण त्याचीही पद्धत असते."

ही पद्धत जुनी आहे. १९९९ च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' नावाचा गेम सुरू झाला. त्यात दुर्मीळ प्राणी थेट उगवत नसे. त्याच्या जागी एखादा किरकोळ प्राणी उभा असायचा. त्याला मारायचं, तो पुन्हा उगवायचा, पुन्हा मारायचं, आणि कधीतरी त्याच्या जागी खरा मानकरी यायचा. 'जर्नीमन्स बूट्स' म्हणून वेगाने पळवणारे बूट होते. ते हवे असतील तर 'एन्शंट सायक्लॉप्स' या दुर्मीळ एकाक्ष राक्षसाकडची अंगठी लागे. पळता यावं म्हणून लोक तासन् तास एका जागी बसून राहिले. हा विनोद खेळाच्या रचनाकारांना कळला असावा. खेळणाऱ्यांना तो कळायला बूट मिळावे लागले.

जागा एक, इच्छुक अनेक आणि पोलीस नाही, अशा अवस्थेत खेळाडूंनी स्वतःच कायदा केला. जो तिथे बसून प्राणी मारत राहील, जागा त्याची. याला म्हणायचं कॅम्प. नव्या माणसाने त्या प्रदेशात शिरताच सगळ्यांना ऐकू जाईल असं 'कॅम्प चेक' ओरडायचं. बसलेल्याने आपली जागा सांगायची. मग नव्याने आपलं नाव यादीत घालून घ्यायचं आणि गुपचूप थांबायचं. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा कायदा एका वाक्यात समजला असता. फरक एवढाच, की इथे रुमालाबरोबर स्वतःलाही बसावं लागे. कंपनीनेही मग 'प्ले नाइस' नावाचं धोरण काढलं. त्याचा सारांश असा: आपसांत मिटवा, नाही मिटलं तर आमचा माणूस येऊन मिटवेल, आणि तो जे म्हणेल ते दोघांनाही आवडलं पाहिजे.

पुढे २००२ मध्ये जपानात 'फायनल फँटसी ११' आला आणि प्रतीक्षेला वेळापत्रक मिळालं. त्यातला फाफ्नीर हा ड्रॅगन मेल्यावर २१ ते २४ तासांनी उगवायचा. त्या तीन तासांत दर अर्ध्या तासाला एकेक शक्यता. त्या वेळी सगळी टोळी हजर हवी, मग घड्याळात पहाटेचे तीन का वाजलेले असेनात. ज्याची आज्ञा सर्व्हरवर सर्वांत आधी पोचेल त्याचा ड्रॅगन. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. याच गेममध्ये शिरताना एक सूचना झळकत असे: घरच्यांना, मित्रांना, शाळेला आणि नोकरीला विसरू नका. सूचना देणारी कंपनी तीच, आणि ड्रॅगनला एकविसाव्या तासाला बांधणारी कंपनीही तीच. २००८ मध्ये याच गेममधल्या 'पँडेमोनियम वॉर्डन'शी एक गट १८ तास लढला आणि माणसं आजारी पडायला लागल्यावर थांबला. त्यानंतर कंपनीने त्या राक्षसाला जरा वक्तशीर केलं.

इतक्या वर्षांत दुर्मीळ प्राण्यासमोर कसं वागावं याची एक अलिखित आचारसंहिता तयार झाली आहे. ती लिहून ठेवण्याचं पुण्यकर्म आम्ही करतो.

कलम पहिलं: आधी आलेल्याचा मान राखावा. आपण नंतर येऊन त्याच्याच डोक्यावर तरंगू नये. तरंगायचंच असेल तर निदान नमस्कार घालावा.

कलम दुसरं: प्राणी दिसला आणि आपल्याला नको असेल, तर चॅटवर जागा कळवावी. मारून ठेवून वर 'कोणाला हवा होता का?' असं विचारू नये.

कलम तिसरं: प्रत्येकाचा प्राणी वेगळा असतो हे ध्यानात ठेवावं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या शोलाझार बेसिनच्या जंगलात लोकेनाहाक नावाचा एक चमकता बिबट्या आहे. हंटर, म्हणजे प्राणी पाळणारी खेळाडू मंडळी, त्याला पाळायला म्हणून रात्री जागवतात. पण 'फ्रॉस्टबिटन' नावाचं एक मानचिन्ह आहे, नॉर्थरेंडमधले दुर्मीळ प्राणी मारल्याबद्दल मिळणारं, आणि त्या यादीत या बिबट्याचंही नाव आहे. एकाला तो दत्तक घ्यायचा असतो, दुसऱ्याला यादीत बरोबरची खूण करायची असते. कंपनीने दोघांनाही एकाच पत्त्यावर पाठवलं. तेव्हा जवळ हंटर उभा असेल तर मारण्याआधी विचारावं.

कलम चौथं: सगळ्यांना वाटा मिळणार असेल तर घाई करू नये. 'फायनल फँटसी १४' मध्ये २०१४ साली शिकारी सुरू झाल्या. तिथे हल्ल्यात हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस. भांडणाचं कारणच उरलं नाही असं वाटलं. पण गर्दी तुटून पडली की प्राणी काही क्षणांत आटोपायचा आणि वाटेत असलेल्यांच्या हाती भोपळा. म्हणून खेळाडूंनी ठरवलं, की प्राणी दिसला की आधी सर्वांना कळवायचं, मंडळी जमेपर्यंत त्याच्याभोवती हात बांधून उभं राहायचं आणि मगच पहिला वार. जो आधी वार करतो त्याचा उद्धार सर्वांसमक्ष होतो. लग्नाला पाहुणे यायच्या आत पंगतीला बसणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

कलम पाचवं: आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने ड्रॅगन नेला, तर 'ग्रॅट्स', म्हणजे अभिनंदन, असं टाइप करावं. दात-ओठ खाल्लेले चॅटमध्ये दिसत नाहीत, ही सोय वापरावी.

ही संहिता खेळाडू बऱ्यापैकी पाळतात. कंपन्यांबद्दल तसं म्हणवत नाही. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये केराफिर्म नावाचा झोपलेला ड्रॅगन होता. एका सर्व्हरवर तो एकदाच जागा व्हायचा, दिसेल त्याला मारायचा आणि कायमचा निघून जायचा. तो मरेल अशी कोणाची कल्पनाच नव्हती. २००३ च्या नोव्हेंबरात रॅलोस झेक या सर्व्हरवर एरवी एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या टोळ्या एकत्र आल्या, शंभरांहून जास्त खेळाडू तासन् तास लढले, आणि ड्रॅगनमध्ये जेमतेम पाव जीव उरला असताना तो अचानक गायब झाला. कंपनीनेच तो उचलला होता. मोठी ओरड झाली, कंपनीने माफी मागितली, ड्रॅगन परत आणून दिला आणि खेळाडूंनी तो खरोखर मारला. त्याच्याजवळ काय सापडलं? काहीच नाही. मरणारच नाही त्याच्या खिशात कोण कशाला काही ठेवेल?

इथे आमच्यासारख्या अडाणी माणसाला एक प्रश्न पडतो. ड्रॅगन दुर्मीळ का? खरा माळढोक दुर्मीळ आहे, कारण त्याचं माळरान गेलं. भाच्याच्या ड्रॅगनचा डोंगर जिथल्या तिथे आहे. हजार ड्रॅगन सोडायला कंपनीला अंडी उबवावी लागत नाहीत, कुठल्याशा तक्त्यातला एक आकडा बदलला की झालं. तो आकडा कोणी बदलत नाही, कारण अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची वर्गणी महिन्याला १४.९९ डॉलर आहे आणि वाट बघण्याचे दिवस त्या महिन्यातच धरले जातात. पैसे भरून रांगेत उभं राहण्याची सोय याआधी फक्त श्रीमंत देवस्थानांत होती, आणि तिथेही जास्त पैसे भरले की रांग लहान होते. इथे रांग जितकी लांब तितके हप्ते जास्त.

शिष्टाचार टिकला तोही कंपनीमुळे नव्हे. जुन्या काळी सर्व्हर म्हणजे एक गावच होतं. आज कोणाचा ड्रॅगन चोरला तर उद्या तोच इसम बाजारात भेटणार, आणि तुमचं नाव कळल्यावर एकही गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी, दारात उभं करणार नाही. मग २०१२ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने वेगवेगळ्या सर्व्हरचे ओस पडलेले प्रदेश एकमेकांना जोडले. डोंगरात वर्दळ आली, पण पुन्हा कधीच न भेटणाऱ्या माणसांची. ज्याची ओळख नाही त्याची लाज कशाला?

आणि जिथे रांगच लागत नाही तिथलं काय सांगावं! २०१६ च्या जुलैत 'पोकेमॉन गो' आला. डिसेंबरात तो जिओचा हात धरून अधिकृतपणे भारतातही पोचला. तिथे एकाच जागी दिसणारा प्राणी येईल त्या प्रत्येकाला पकडता येतो, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण नाही. म्हणून मंडळी इतकी निर्धास्त झाली, की वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाला आणि आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीला 'कृपया इथे नको' अशी विनंती करावी लागली.

तेव्हा आमचा निकाल असा. या सगळ्या प्रकारात टंचाई कंपनीची, सभ्यता खेळाडूंची आणि बिल पालकांचं आहे. तिन्हींत फुकट मिळते ती फक्त सभ्यता. घरातल्या खेळाडूकडून तेवढी शिकून घ्या, आणि कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी आजच एकदा तपासून बघा.