कासवाचा डबा

मीरा रोडच्या वन-बीएचकेत कासव येते ते बहुतेकदा पैसा यावा म्हणून. ओळखीतले कोणी वास्तुवाले उत्तर दिशेला पितळी कासव ठेवायला सांगतात. घरातला मुलगा म्हणतो, पितळी कशाला, जिवंतच आणू. मग डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, हिरवेगार, बिस्किटाएवढे पिल्लू प्लास्टिकच्या डबीतून विरार लोकलने प्रवास करत घरी येते. त्याने कुठल्या दिशेला तोंड करून बसायचे ते ठरलेले असते. त्या तोंडात काय घालायचे, हे विचारायचे राहून जाते.

ही उणीव मजल्यावरचे शेजारी भरून काढतात. समोरच्या आजी वाटीत दूधभात घेऊन येतात. बाळच ते, दूध नको का? आता कासवाची आई वाळूत किंवा मातीत अंडी पुरते आणि मागे वळून न पाहता चालू लागते. त्या घराण्यात दुधाचा विषय कधी निघालेलाच नाही आणि ते पचवायची सोयही नाही. मीरा-भाईंदर म्हटले की जैन शेजार आलाच. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांचे लांछन कासव, त्यामुळे त्या घरातून डबीतल्या पाहुण्याला आल्या दिवसापासून मान. अडते फक्त गाजरापाशी. पुस्तक सांगते किसून द्या, आणि गाजर पडले कंदमूळ! तळमजल्यावर उत्तनचे माहेर असलेल्या काकू राहतात. त्या सगळे ऐकून घेतात आणि कागदाच्या पुडीतून मूठभर सुका जवळा आणून ठेवतात. वास जिन्यात पोचतो. सेक्रेटरीही पोचतात.

गंमत म्हणजे इमारतीत त्यातल्या त्यात बरोबर उत्तर काकूंचेच असते. हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले, पाण्यात राहणारे. लहानपणी ते बरेचसे मांसाहारी असते: किडे, अळ्या, गोगलगायी, बारीक मासे. पेट शॉपमध्ये त्याच्यासाठी सुक्या झिंग्यांची बरणी मिळते. ते झिंगे जवळ्याच्याच नात्यातले, किंमत तेवढी परदेशी. अर्थात जवळा खारवलेला नको, आणि तो अधूनमधून, रोज नाही. रोजचे म्हणून कासवाचे तयार दाणे चालतात, पण नुसत्या दाण्यांवर ठेवू नये. वय वाढते तसे हे कासव आपणहून पाल्याकडे वळते. तरुणपणी मटणावर ताव मारणारे मामा साठीनंतर बाराही महिने श्रावण पाळू लागतात, तसेच. शाकाहारी सोसायटीने थोडा धीर धरला की प्रश्न मिटतो.

मुळात मजल्यावरच्या कोणीच विचारले नाही, की हे कासव पाण्यातले की जमिनीवरचे? स्लायडर पाण्यातच गिळतो. त्याच्या तोंडात लाळ नाही, त्यामुळे ताटलीत कोरडे वाढले तर तो नुसता बघत बसतो. जमिनीवरच्या कासवाला याच्या उलट गवत, पाला आणि फुले लागतात, मांस जवळजवळ नाहीच. त्यातले आपल्याकडचे देखणे म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव. त्याचा आहार कितीही पाठ असला तरी उपयोग नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवणे गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. असे कासव कोणाच्या बाल्कनीत दिसले तर मुळ्याचा पाला न आणता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

मुळ्याचा पाला मात्र स्लायडरसाठी जरूर आणावा. परदेशी पुस्तके केल आणि डँडेलियनची पाने सुचवतात, म्हणून कासवाचे मालक मॉलमध्ये जाऊन स्वतःच्या भाजीपेक्षा महाग भाजी घेऊन येतात. इकडे भाजीवाला मुळ्याचा पाला पिरगळून पाटीखाली टाकत असतो. शेवग्याचा पालाही उत्तम, त्यात कॅल्शियम भरपूर. जास्वंदीचे फूल आणि पानही चालते. चतुर्थीला गणपती आणि कासव एकाच कुंडीवर हक्क सांगतात. पालकाला मोठा मान असला तरी त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते, तो रोज नको. कोबी रोज दिला तर थायरॉइड बिघडते. काकडी म्हणजे हिरवे पाणी. केळे, चपाती आणि ग्लुकोज बिस्किट हे घरच्यांचे प्रेम. कासवाचे त्याने काही भले होत नाही.

कॅल्शियमवर इतका भर का, तर कवच हाडाचेच असते आणि कॅल्शियम कमी पडले की ते मऊ होते. त्यावरचा उपाय उत्तनच्या किनाऱ्यावर वाहून येतो: समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे पांढरे हाड. गोड्या पाण्यात भिजवून त्यातले मीठ काढायचे आणि टाकीत तरंगत सोडायचे. पण कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवे, आणि खिडकीच्या काचेतून उजेड येतो, कामाचे अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. इथे मुंबईकडच्या फ्लॅटचे ग्रिल कामी येते. सकाळी तुळशीशेजारी टब, त्यात अर्धी सावली, आणि कावळ्यावर नजर ठेवायला आजोबा.

घरच्यांचा निर्धार मोडतो तो कासवाच्या अभिनयामुळे. माणूस दिसला की स्लायडर काचेवर पाय मारमारून मान ताणतो, जणू अमेरिका सोडल्यापासून उपाशी आहे. मोठ्याला एक दिवसाआड खाणे पुरते. इथे मुलगा शाळेत जाताना घालतो, आई ऑफिसला निघताना घालते आणि आजोबा दोघांनी घातले नसेल म्हणून घालतात. मग पायांच्या खाचांतून चरबी बाहेर डोकावते आणि सगळे म्हणतात, बाळसे धरले.

आहाराचा वाद वाढला की कोणीतरी अद्वैतचे नाव काढतो. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातले हे अल्डाब्रा कासव २००६ मध्ये गेले, वय अडीचशेच्या घरात सांगत. त्याच्या जेवणात गव्हाचा कोंडा, गाजर, लेट्यूस, भिजवलेले हरभरे, गवत, मीठ आणि चक्क पाव असे. बघा, पाव खाऊन अडीचशे वर्षे! हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अद्वैत सुमारे अडीचशे किलोंचे होते आणि उघड्यावर राहत होते. त्यापेक्षा सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन कासवाचे उदाहरण जास्त उपयोगाचे. तो १८८२ मध्ये तिथे आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. मोतीबिंदूने दृष्टी गेली, वास येईना, चोच बोथट आणि ठिसूळ झाली. पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी आठवड्यातून एकदा कोबी, काकडी, गाजर, सफरचंद असे हाताने भरवणे सुरू केले, आणि चोचीला पुन्हा धार आली. भरवणाऱ्याने बोटे सांभाळायची. घरच्या स्लायडरला हात लावल्यावर तर हात साबणाने धुवायचेच. साल्मोनेलाच्या भीतीने अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

बिस्किटाएवढे पिल्लू काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढे होते. तेव्हा त्याला राई किंवा नवघरच्या तळ्यात सोडून पुण्य मिळवण्याचा बेत निघतो. तो कोणीतरी हाणून पाडावा, कारण तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास हा परदेशी पळवतो. ते घरातच राहते, नीट खायला मिळाले तर तीस वर्षेही. वीस वर्षांचे गृहकर्ज फिटते, मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, आणि कासवाला पाला लागतो म्हणून बाबा बाजारातून रोज पाल्यासकट मुळा आणतात. पाला कासव खाते. मुळा आईबाबांना खावा लागतो.