सस्पेंशनराव

लग्नाच्या हॉलबाहेर नवरदेवाची गाडी फुलांनी सजून उभी असते. पोरंटोरं तिच्यापुढे फोटो काढत असतात. एक गृहस्थ मात्र बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवून अंगाचा सगळा भार टाकतात, झटकन हात काढतात आणि गाडी किती वेळा डोलते ते बघतात. वर येऊन जागेवर थांबली तर ठीक. आणखी दोनतीनदा डोलली, तर त्यांचा चेहरा पडतो. "शॉकअप गेलेत," ते वधूपित्याच्या कानात सांगतात. वधूपित्याला त्यातलं फक्त 'गेलेत' ऐकू येतं.

हे सस्पेंशनराव. बावधन, बाणेर, पिंपळे सौदागर या पट्ट्यात हे मुबलक सापडतात. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी संगणकाची, घराचं कर्ज नुकतंच फिटलेलं. २०२० साली महिंद्राची नवी थार आली. जुन्या थारला मागे पाटे होते, नवीला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंगा. रावांनी ती घेतली आणि घरी आणल्याच्या संध्याकाळी तिच्याखाली सतरंजी अंथरून आडवे झाले. कंपनीने दिलेली उंची जमिनीपासून २२६ मिलिमीटर. रावांना आणखी दोन इंच हवेत. कशासाठी, हे विचारणाऱ्याला मुळशीचा आख्खा भूगोल ऐकावा लागतो.

शॉकअप म्हणजे काय, हेही राव सांगतात. तुम्ही विचारण्याची वाट बघत नाहीत. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचा नाच आवरतो. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. चाक खड्ड्यात गेलं की त्या भोकांतून तेलाला जबरदस्तीने जावं लागतं आणि धक्क्याची उष्णता होते. ताम्हिणी घाटापलीकडच्या कच्च्या रस्त्यावरून आल्या आल्या रावांनी याची खातरजमा हात लावून केली. बोटाची पट्टी आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना दाखवली. तेल तापलं, घुसळलं गेलं की त्याला फेस येतो, आणि फेसाला जोर नसतो. तो येऊ नये म्हणून आत नायट्रोजन दाबून भरतात. रावांच्या मुलीला शाळेत नायट्रोजनचा उपयोग विचारला, तेव्हा तिने खताआधी शॉकअप सांगितला.

निवडीचा काळ लांबला. एका नळीचे घ्यावेत की दोन नळ्यांचे? जर्मनीचे बिलस्टाइन की ऑस्ट्रेलियाचे ओल्ड मॅन इमू? शेजारचे जोशीकाका सहज म्हणाले, "गॅब्रिएलचे घाल की, इथे चाकणला तर बनतात." राव फक्त हसले. चाकणला रिक्षाने जाऊन आणता येणाऱ्या वस्तूसाठी कस्टम ड्यूटी भरता येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती.

शेवटी भोसरीतल्या मिस्त्रींकडे गाडी गेली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साहेब, गाडीत वजन किती असतं?"

ही विद्या सगळी इथूनच सुरू होते. स्प्रिंग रोजच्या वजनावरून निवडायची, मग त्या स्प्रिंगला आवरेल असा शॉकअप. उलटं केलं की फसलं. रावांनी उत्तर भविष्यकाळात दिलं. पुढे लोखंडी बंपर येणार आहे, त्यात विंच येणार आहे, टपावर रॅक येणार आहे. त्या येणाऱ्या वजनाच्या जाड स्प्रिंगा मागवल्या गेल्या आणि रिकाम्या गाडीखाली बसल्या. पहिल्याच फेरीत सोसायटीच्या गतिरोधकावर सासूबाई मागच्या सीटवरून लाहीसारख्या उडाल्या. यात गतिरोधकाचाही वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने जावी. सोसायटीचा गतिरोधक मात्र उरलेल्या सिमेंटातून, सेक्रेटरींच्या रागाच्या भरात झालेला.

आता गाडी मऊ करायची तर वजन वाढवणं आलं. मग बंपर आला, विंच आला, रॅक आला, रॅकवर पाण्याचे कॅन, फावडं, उंच जॅक. गाडी मऊ झाली. इतकी, की मागून बसली. म्हणून आता आणखी जाड स्प्रिंगा. मिस्त्री काही बोलले नाहीत. साताऱ्याकडे वडापच्या जीपगाड्या दुरुस्त करत ते मोठे झालेले. तिथे आत चौदा, मागे लटकलेले तिघे, वर कोंबड्यांची पाटी. गाडी बसली की एक पाटा वाढवायचा आणि संध्याकाळच्या फेरीला गाडी हजर. "त्यांना विचारलंत का हो कधी, वजन किती म्हणून?" रावांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "विचारायचं काय? दिसायचं की."

तरी एक सांगायला हवं: बसवण्याच्या कामात राव पक्के आहेत, आणि त्यांना हसणारे बहुतेक जण तिथे कच्चे. स्प्रिंग काढून चाक पूर्ण खाली सोडून एक माप, पूर्ण वर नेऊन दुसरं. शॉकअपचा दांडा तळाला आपटण्याआधी रबरी बंपस्टॉप टेकलाच पाहिजे. गाडी उचलली तर ब्रेकची नळी पुरते का, ते बघायचं. पुढची चाकं तिरकी होतात, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करायची. आणि बुशांचे नट गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचेच नाहीत, चाकांवर उभी करून आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. या नटांपायी राव गॅरेजात घडीचं स्टूल टाकून दिवसभर बसले. गाडीत परस्पर फेरफार करायला मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषय निघाला, तेव्हा मात्र ते चहा सांगायला बाहेर गेले.

शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकचा टाय बांधला की चाक किती वर गेलं, ते तो सरकलेल्या जागेवरून कळतं. राव रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन तो टाय बघतात. डोंगरात रविवार घालवूनही तो जितका सरकला नव्हता, तितका सोमवारी सेक्रेटरींच्या गतिरोधकाने सरकवला.

त्यांच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो आहे. थार दगडावर चढली आहे, पुढचं एक चाक हवेत. पाहुणे वाहवा करतात आणि राव आतून कष्टी होतात. चाक हवेत, म्हणजे सस्पेंशनची चाल संपली. उत्तम बसवलेल्या गाडीचं चाक लोंबून जमीन धरून ठेवतं. पण जमिनीवर टेकलेल्या चार चाकांचा फोटो कोण बघणार? मिस्त्रींनी एकदा सुचवलं होतं, कच्च्या रस्त्यावर टायरची हवा वीसपर्यंत उतरवा, निम्मे धक्के तिथेच जातील. रावांना पटलं नाही. फुकटात जाणारे धक्के त्यांना संशयास्पद वाटतात.

मागच्या महिन्यात त्यांनी मिस्त्रींच्या त्या पहिल्या प्रश्नाचा छडा लावायचं ठरवलं आणि गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग आख्खी गाडी, वजाबाकीतून मागचा भार. मागे वाळूच्या ट्रकांची रांग लागली. काटेवाल्याने पावती फाडताना विचारलं, "माल काय?" रावांना सुचेना. त्याने 'रिकामी' लिहिलं.

घरी येऊन रावांनी तक्ता मांडला. विंच, बंपर, फावडं, दोन पाण्याचे कॅन, थर्मास, सासूबाई (त्यांनी आनंदाने सांगितलं), मुलगी, बायको. शेवटच्या ओळीत स्वतः: ७२ किलो. सगळी बेरीज जुळते, फक्त मागची बाजू अजून दबते आणि कारण सापडत नाही.

बायकोने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "अहो," ती म्हणाली, "काट्यावर गाडी चढली, तेव्हा तुम्ही खाली का उतरला होतात?"